मदत हवी आहे: वहिनीचं बीपी वाढलंय, बाळाची वाढ मागे आहे

नमस्कार. आम्ही नागपूरला सक्करदऱ्याला राहतो. माझी वहिनी पहिलटकरीण, ३२वा आठवडा सुरू आहे. आधी बीपी नॉर्मल असायचं. या वेळी १५०/१०० निघालं, लघवीत प्रोटीनही. सोनोग्राफीत बाळाचं वजन कमी, पाणीही कमी. डॉक्टर म्हणाल्या, वारेकडे जाणारा रक्तपुरवठा अपुरा पडतोय, म्हणून बाळाचं पोषण कमी होतंय. लॅबेटालॉल ही बीपीची गोळी सुरू केलीय, डॉपलर (बाळाचा रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी) सांगितलंय. वेळ आली तर लवकर मोकळं करावं लागेल, असंही म्हणाल्या.

घरी आईने मीठ पूर्ण बंद केलंय. शेजारच्या काकू म्हणतात गोळ्या बाळाला बाधतात, आणि वर, "सातव्यातलं जगतं, आठव्यातलं नाही." तेव्हापासून वहिनी सारखी रडून राहिली आहे. हे खरं आहे का? बाळ लवकर झालं तर त्याला काय काय त्रास होतो? दवाखाना बदलावा का? आत्ताच्या ठिकाणी काचेची पेटी नाही.

प्रतिसाद

ताई, आठव्या महिन्याचं ते बोलणं साफ खोटं आहे, वहिनीला आजच सांगा. बाळ जितकं जास्त दिवस पोटात, तितकी फुफ्फुसं पक्की. माझी मुलगी याच कारणाने ३३व्या आठवड्यात झाली, १४०० ग्रॅमची. आता शाळेत जाते.

गोळी मनाने बंद करू नका, ती गरोदरपणात चालणारीच आहे. मीठही पूर्ण तोडायची गरज नसते. लवकर प्रसूती करावी लागण्याची शक्यता असेल तर बाळाच्या फुफ्फुसांसाठी आईला स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात, त्याबद्दल डॉक्टरांना नक्की विचारा. जन्मल्यावर अशा बाळांची साखर उतरते, अंग लवकर गार पडतं, कधी प्लेटलेट कमी निघतात, श्वासाला आधार लागतो. म्हणून जिथे नवजात अतिदक्षता विभाग आहे तिथेच प्रसूती करा. मेडिकलला (सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात) किंवा तशी सोय असलेल्या खासगीत आधीच नाव नोंदवा. पोटातलं बाळ आईसोबत हलवणं सोपं, जन्मलेलं नाजूक बाळ ॲम्ब्युलन्समधून नेणं फार अवघड. बाळ स्थिर झालं की कांगारू पद्धतीने छातीशी धरायला मिळतं, पहिला चीक पिळून द्या.

डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, उजव्या बरगडीखाली दुखलं, बाळ कमी हललं किंवा बीपी १६०/११० झालं, तर रात्र असली तरी निघा. बाळंतपणानंतरही बीपी मोजत राहा, ते लगेच उतरत नाही.

डॉपलरचा रिपोर्ट आला की इथे कळवा.