दाढेचे दुखणे आपोआप थांबले, तरी दाखवायला जावे का?

लालबागकर यांचा प्रश्न

माझे वडील ६६ वर्षांचे असून त्यांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. गेल्या दिवाळीच्या सुमारास त्यांची खालची उजवी दाढ दुखू लागली. सुरुवातीला थंड पाण्याने कळ यायची, पुढे गरम चहानेही येऊ लागली आणि शेवटी रात्री आडवे झाले की ठणका लागत असे. लवंगेचे तेल आणि केमिस्टकडून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या यांवर त्यांनी दोन महिने काढले. जानेवारीत दुखणे एकाएकी थांबले. तेव्हापासून बाबांचे म्हणणे असे, की दाढ आपली आपण बरी झाली असून आता डॉक्टरकडे गेल्यास ते कारण नसताना रूट कॅनल (दाताच्या आतली नस काढून ती पोकळी भरणे) गळ्यात मारतील.

दाढेत काळा खड्डा मात्र दिसतो, आणि त्याच बाजूच्या हिरडीवर अधूनमधून एक पुटकुळी येते, फुटते आणि जाते. शिवाय औषधे तीच असूनही गेले तीन-चार महिने त्यांची साखर वाढलेली आहे. या दोन गोष्टींचा काही संबंध असू शकतो का? बाबा बेस्टमध्ये वाहक होते आणि ‘दाताने कोणी मरत नाही’ हे त्यांचे ठरलेले वाक्य आहे. त्यांना काय सांगावे?

दंतवैद्य, मुलुंड

दाढ बरी झालेली नाही. तिच्या आतली नस मेली आहे, असे तुमच्या वर्णनावरून वाटते. तपासल्याशिवाय निदान करता येत नाही, हे गृहीत धरून पुढचे वाचावे.

दाताचे बाहेरचे कवच शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ असले, तरी त्यात जिवंत पेशी नसतात, त्यामुळे कातडीवरची जखम भरते तसा दातातला खड्डा कधीही भरून येत नाही. अन्नातल्या साखरेवर जगणारे जंतू आम्ल तयार करतात आणि तोंडातला सामू (पीएच; हा आकडा जितका कमी, तितके आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की कवचातली खनिजे विरघळू लागतात. अगदी सुरुवातीला, म्हणजे दातावर नुसता पांढुरका डाग असतो तेव्हा, लाळ आणि फ्लोराइडची टूथपेस्ट यांच्या मदतीने हे नुकसान काही प्रमाणात भरून निघू शकते. एकदा खड्डा पडला, की तो रस्ता बंद होतो. कीड कवचाखालच्या थरात शिरली की थंड लागल्यावर कळ येते, आणि तेव्हाच आला असतात तर बहुधा एका बैठकीत सिमेंट भरून काम झाले असते.

त्यापुढे कीड दाताच्या आतल्या नसेला जाऊन पोहोचते. ज्याला आपण सर्रास नस म्हणतो, तो मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या असलेला मऊ गाभा चारही बाजूंनी कठीण भिंतींत बंद असतो, त्यामुळे तो सुजला की सुजेला पसरायला जागाच मिळत नाही. ठणका त्याचाच असतो, आणि आडवे झाल्यावर डोक्याकडचा रक्तदाब वाढत असल्याने तो रात्री जास्त जाणवतो. गाभा मेला की कळ पोहोचवणारेच कोणी उरत नाही आणि रुग्णाला वाटते, सुटलो. जंतू मात्र मेलेल्या गाभ्यावर वाढत मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडात उतरतात. हिरडीवर येणारी पुटकुळी ही बहुधा तिथे साचलेल्या पुवाने काढलेली वाट असावी. पू वाहून जात असल्याने दाब वाढत नाही आणि दुखत नाही. ज्या दिवशी ती वाट बंद होईल, त्या दिवशी सूज येईल.

नुसत्या प्रतिजैविकांनी हे का जात नाही, असे पुष्कळ जण विचारतात. औषध रक्तातून पोहोचते आणि मेलेल्या गाभ्यात रक्तच खेळत नाही. त्यामुळे गोळ्यांनी आजूबाजूची सूज उतरते, मूळ जागा तशीच राहते आणि काही आठवड्यांनी तोच प्रकार पुन्हा होतो.

साखरेचा संबंध असू शकतो. शरीरात कुठेही जंतुसंसर्ग धुमसत असला की इन्सुलिनचा परिणाम कमी होतो, आणि साखर वाढलेली असली की संसर्ग बळावतो. हिरड्यांचा आजार आणि मधुमेह यांचे नाते तर दुतर्फा असल्याचे सिद्ध झालेले आहे. तरीही सारा दोष दाढेवर टाकू नये. साखरेसाठी नेहमीच्या डॉक्टरांनाही दाखवावे.

अंधेरी लोकल

तुमच्या वडिलांच्या त्या ठरलेल्या वाक्यापुरते लिहितो.

काही वर्षांपूर्वी माझी खालची अक्कलदाढ दुखत होती. गणपती तोंडावर होते, रजा शिल्लक नव्हती, म्हणून मी गोळी घेऊन रोज चर्चगेटची गाडी पकडत राहिलो. गालाला सूज आली, तेव्हा रुमाल बांधला. तिसऱ्या रात्री हनुवटीखालचा भाग दगडासारखा टणक झाला, जीभ वर उचलली गेली, स्वतःची लाळ गिळवेना आणि आवाज ओळखू येईना इतका बदलला. रुग्णालयात नेल्यावर पहिला प्रश्न दाढेचा नव्हता, श्वासनलिका किती वेळ उघडी राहील हा होता. गळ्याखाली छेद घेऊन पू काढला आणि सहा दिवस मी तिथेच होतो.

या प्रकाराला लुडविग्ज अंजायना म्हणतात. लुडविग या जर्मन डॉक्टरांनी १८३६ साली त्याचे वर्णन केले आणि त्या काळी त्यातून वाचणारे थोडे असत. खालच्या मागच्या दाढांच्या मुळांची टोके जिभेखालच्या स्नायूच्याही खाली असतात, त्यामुळे तिथला पू तोंडात न येता सरळ गळ्याकडे उतरू शकतो, हे मला नंतर समजावून सांगण्यात आले. तेव्हा जबड्याखाली सूज, तोंड न उघडणे, गिळायला त्रास आणि ताप यांपैकी काहीही दिसले, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच आपत्कालीन विभाग गाठावा. वडिलांना माझ्या गळ्याखालचा व्रण दाखवायचा असल्यास मी लालबागला यायला तयार आहे.

चिकित्सक, दादर

वरचे सगळे मान्य करूनही सांगतो, की बाबांची शंका अगदीच निराधार नाही. मला एका दवाखान्यात चार रूट कॅनल सांगण्यात आले होते. तोच एक्स-रे घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो, तेव्हा दोन दातांत फक्त सिमेंट भरावे लागले आणि उरलेल्या दोन दातांना काहीच करावे लागले नाही. एक्स-रे मागून घ्यावा, तो समजावून द्यायला सांगावे आणि मोठा खर्च असेल तर दुसरे मत घ्यावे. पण दुसरे मत घ्यायचे, तर पहिले मत तरी हवे.

दंतवैद्य, मुलुंड

चिकित्सक यांच्याशी मी सहमत आहे. रूट कॅनल नकोच असेल, तर दाढ काढणे हाही प्रामाणिक पर्याय आहे. मात्र रिकाम्या जागेकडे शेजारची दाढ कलते आणि समोरची वरची दाढ हळूहळू खाली उतरते, म्हणून तिथे पुढे काय बसवायचे, याचा विचार आधी करावा. दात काढल्याने डोळे अधू होतात, ही भीती अजून ऐकू येते. तिला काहीही आधार नाही.

परळची सून

खर्चाची अडचण असेल, तर मुंबई सेंट्रलचे महापालिकेचे नायर रुग्णालय दंत महाविद्यालय आणि सीएसएमटीजवळ सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातले शासकीय दंत महाविद्यालय, असे दोन पर्याय आहेत. विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली उपचार करतात. पैसे वाचतात, पण वेळ जातो. सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढावा लागतो आणि एकाच दाढेसाठी तीन-चार फेऱ्या होतात, हे बाबांना आधीच सांगून ठेवावे.

त्यांना उपाशी नेऊ नका. नाश्ता आणि मधुमेहाची गोळी नेहमीप्रमाणे होऊ द्या आणि चालू औषधांची यादी सोबत ठेवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ती मनाने बंद करू नये. माझ्या सासूबाईंनी परस्पर बंद केली होती आणि डॉक्टर दाढेपेक्षा त्यावरच जास्त रागावले. त्या मिश्री लावत, म्हणून त्याच वेळी त्यांचे पूर्ण तोंडही तपासले गेले. बाबांना तंबाखूची सवय असल्यास तेही करून घ्यावे, कारण तीन आठवड्यांत न भरलेला तोंडातला व्रण दुखत नसला तरी दाखवलाच पाहिजे.

लालबागकर

सर्वांचे आभार. अंधेरी लोकल यांना यावे लागले नाही. त्यांचा मजकूर मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. एक्स-रेमध्ये दाढेच्या दोन्ही मुळांच्या टोकांशी हाडात काळसर गोल सावली दिसली. डॉक्टरांनी दाढ उघडली तेव्हा आलेल्या वासाने बाबांचा उरलासुरला वाद संपला. शेजारच्या दाढेतही कीड निघाली, पण ती वरवरची असल्याने त्याच दिवशी भरून झाली. साखर तीन महिन्यांनी पुन्हा तपासायची आहे. एक शंका उरली आहे. रूट कॅनल पूर्ण झाल्यावर कॅप बसवलीच पाहिजे का? बाबा म्हणतात, दुखत नाही तर कॅप कशाला.

दंतवैद्य, मुलुंड

दाढेला कॅप बसवावीच. कीड आणि उपचार यांत तिचा बराचसा भाग गेलेला असतो, आणि चावताना सर्वाधिक भार तिच्यावरच येतो. अशी दाढ उभी चिरली, तर बहुतेक वेळा काढण्याशिवाय इलाज उरत नाही आणि आतापर्यंतचा सारा खर्च वाया जातो. कॅप बसेपर्यंत त्या बाजूने चकली, शेंगदाणे आणि सुपारी चावू देऊ नका.