वाईचे घाट जोडून सायकल ट्रॅक? आधी पावसाळ्यात नदी बघून या!

कृष्णाकाठची (धागाकर्ती)

'एका दिवसात वाई, सायकलवर' ही पोस्ट मला चार जणांनी पाठवली, "तुझ्या गावाबद्दल आहे गं" म्हणून. वाचली आणि डोकं फिरलं. लेखक पुण्याचे. सकाळी ढोल्या गणपती, मग मेणवली, दुपारी धोम, की झाली वाई. वर सल्ला असा, की गणपती सोडला तर गावात बघण्यासारखं फारसं काही नाही, म्हणून सगळे घाट सपाट जोडून अहमदाबादसारखा रिव्हरफ्रंट करावा. सायकल ट्रॅक, बाग, रंगीत दिवे, सेल्फी पॉइंट.

फारसं काही नाही? गणपतीच्या शेजारचं काशीविश्वेश्वराचं देऊळ आणि त्यातला चकचकीत काळा नंदी दिसला नाही वाटतं. मराठी विश्वकोशाची कचेरी याच गावात, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींची प्राज्ञपाठशाळा याच गावात. ते सोडा. ज्या गणपतीसमोर फोटो काढलात त्या देवळाच्या मागच्या बाजूला गेला असतात, तर भिंत माशाच्या तोंडासारखी निमुळती बांधलेली दिसली असती. गणपतराव रास्त्यांनी १७६२ मध्ये देऊळ बांधलं तेव्हा पुराचं पाणी येणार हे धरूनच बांधलं. लोंढा दुभंगतो आणि दोन्ही अंगांनी निघून जातो. घाटाच्या पायऱ्यांचंही तसंच. पाण्याने चढावं आणि उतरावं म्हणूनच त्या आहेत. त्यांच्यावर काँक्रीटची पट्टी घातलीत तर नदीने जायचं कुठे? गणपती आळीत?

पेडलवीर

ती पोस्ट माझी. धन्यवाद, एवढी प्रसिद्धी फुकट मिळाली.

ताई, 'सपाट जोडून' असं मी लिहिलेलं नाही. 'सलग' लिहिलं आहे. तुमच्यासारख्यांना गावात पर्यटक हवेत, त्यांचे पैसे हवेत, पण त्यांनी काही सुचवलं की लगेच अस्मिता. मेणवली वाईपासून जेमतेम तीन किलोमीटर. एवढ्या अंतरात मला उसाच्या ट्रॅक्टरने कडेला दाबलं. मागे दोन ट्रॉल्या, दुसरी साप वळवळावा तशी डुलत होती. कोपर सोलवटलं, पुढचं चाक वाकडं झालं. मागून बायको येत होती, तिने त्या दिवसापासून सायकल भिंतीला टांगली आहे. गाळपाच्या हंगामात त्या रस्त्यावर तुम्ही तुमचं पोर सायकलवर पाठवाल? नसाल पाठवणार, तर स्वतंत्र ट्रॅक मागितला म्हणून माझं काय चुकलं?

मधल्या आळीची मावशी

माझी पोरं त्याच रस्त्याने सायकलवर शाळेत गेली बाबा. तेव्हा ट्रॉल्या कमी होत्या हे मात्र कबूल.

पण ट्रॅकच्या आधी बायकांसाठी मुताऱ्या बांधा. उत्सवात बाहेरगावच्या बायका दारात येऊन विचारतात, "आजी, जरा आत जाऊ का?" नाही म्हणवत नाही. एकदा जेवायला बसले होते आणि दारात सहा जणींची रांग. दिवे, बाक, बागा सगळ्यांना सुचतं, हे एकालाही सुचत नाही.

आणि दिवे लागले की काय होतं ते मी लेकीच्या गावी पाहिलंय. धुणं धुवायला येणाऱ्या बायकांना शिट्टी मारून उठवतात. "सौंदर्य बिघडतं" म्हणे. आम्ही पाठीला भोपळा बांधून रामडोहात पोहायला शिकलो, तेव्हा नव्हतं कुणाचं सौंदर्य बिघडत.

पेडलवीर

मुताऱ्यांबद्दल शंभर टक्के सहमत. बघा, एका मुद्द्यावर तरी वाईकरांशी जमलं.

वसईवाला

अवांतर आहे, पण राहवत नाही. मूळ पोस्टमध्ये मेणवलीच्या घाटावरच्या घंटेचा फोटो आहे आणि खाली ओळ आहे, 'नाना फडणवीसांची ऐतिहासिक घंटा'. नानांची? तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मारिया कोरली आहे आणि १७०७ साल आहे. ती आमच्या वसईच्या चर्चची घंटा आहे. सगळे येतात, घंटा वाजवतात, फोटो काढतात आणि जातात. निदान कुठून आली हे तरी लिहा.

बारभाई

आली! मी वाटच बघत होतो.

वसईवाले, घंटा नानांची नाही हे बरोबर. पोर्तुगीजांची वसई चिमाजी अप्पांनी जिंकली मे १७३९ मध्ये, नानांचा जन्म १७४२ चा. म्हणजे नानांनी ती वसईहून आणली असं म्हणणारे पेडलवीर आणि 'आमची' म्हणणारे तुम्ही, दोघांचंही गणित कच्चं. ती चिमाजी अप्पांच्या विजयाची खूण आहे. अशा घंटा एकट्या मेणवलीत नाहीत. नाशिकला नारोशंकराच्या देवळावर आहे, भीमाशंकरला आहे. लढाईत जिंकलेली वस्तू जिंकणाऱ्याची असते. लंडनच्या संग्रहालयांना आधी पत्र लिहा, मग मेणवलीला.

वसईवाला

परत द्या असं मी कुठे म्हटलं? पाटी लावा म्हटलं. पण तुम्ही विषय काढलातच म्हणून सांगतो. शरण आलेल्यांना बायकामुलं आणि सामान घेऊन बाहेर पडायला अप्पांनी मुदत दिली होती. ही उदारता तुम्हीच दर वेळी छाती फुगवून सांगता. मग त्याच तोंडाने लुटीचं समर्थन कसं करता?

आणि 'आमची' का म्हणतो तेही ऐका. आमच्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया, त्यांच्या सणाला आम्ही किल्ल्यात जातो. आजीच्या काळापासून. मोडकळलेल्या भिंतींमध्ये उभं राहून मिस्सा ऐकतो. आमचे पूर्वज पोर्तुगीज नव्हते, इथलेच कोळी, कुपारी, भंडारी. पोर्तुगीज निघून गेले, आम्ही इथेच राहिलो. म्हणून आमची.

बारभाई

हेच ते भावनिक ब्लॅकमेल. त्याच पोर्तुगीजांनी देवळं पाडली, लोकांना बाटवलं, त्याची पाटी कुठे लावायची? किल्ल्यात लावू?

वसईवाला

लावा की! मी खिळे आणून देतो. दोन्ही पाट्या लावा. तुम्हाला एकच हवी असते ही खरी अडचण.

मधल्या आळीची मावशी

मेणवलीत आम्ही लहानपणी ती घंटा वाजवायचो तेव्हा तिच्यावर कोण आहे ते कुणी सांगितलं नव्हतं. बाळ घेतलेली बाई म्हणजे देवीच असणार, म्हणून हात जोडायचो. भांडा आता.

निवृत्त पाटबंधारे

घंटा बाजूला ठेवून नदीकडे येऊ या का? माझी नोकरी कालव्यांवर गेली, म्हणून दोन शब्द.

नदीपात्रापासून निळ्या पूररेषेपर्यंत, म्हणजे २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराच्या पातळीपर्यंत, कायम बांधकाम करायचंच नसतं. निळी रेषा आणि लाल रेषा (शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची) यांच्या मधेही निर्बंध आहेत. वाईचे घाट पात्रातच उतरतात. तेव्हा हा वाद आवडीनिवडीचा नाहीच. साबरमतीचं उदाहरण तर इथे अजिबात लागू नाही. तिथे नर्मदेचं पाणी आणून दोन भिंतींच्या मधे धरून ठेवलं आहे. इथे वर धोम धरण आहे आणि वरच्या जोर गावाच्या खोऱ्यात पाऊस कोसळला की दरवाजे उघडावे लागतात. तेव्हा पाणी तुमचा ट्रॅक कुणी उद्घाटन केला ते विचारत नाही.

पेडलवीर, तुमची सुरक्षित रस्त्याची मागणी मात्र रास्त आहे. त्यासाठी नदीकाठच कशाला? धोमचे डावा आणि उजवा असे दोन कालवे आहेत. कालव्याच्या कडेने सेवारस्ता असतो, चढ जवळजवळ नसतो. रीतसर परवानगी घेऊन तो दुरुस्त करून मागा. खर्चही कमी.

पेडलवीर

काका, हा पहिला कामाचा प्रतिसाद. पण सेवारस्ते म्हणजे खडी, बाभळीचे काटे आणि मोकाट कुत्री. माझे टायर पंचवीस मिलिमीटरचे आहेत.

निवृत्त पाटबंधारे

मग जाड टायर घाला. कालवा तुमच्या टायरसाठी खणलेला नाही.

कृष्णाकाठची

काका, दंडवत!

पेडलवीर, तुम्ही पसरणी घाट चढून पाचगणीला जाता ना? वाई सातशे मीटरच्या आसपास, पाचगणी तेराशेच्या. एवढी चढण दम लागेस्तोवर चढणाऱ्याला घाटाच्या पायऱ्या चालत उतरायला काय होतं? सायकल वर लावा, कुलूप घाला आणि थंडीत कृष्णाबाईच्या, म्हणजे आमच्या नदीच्याच देवीच्या, उत्सवाला या. प्रत्येक घाटाची कृष्णाबाई वेगळी, मांडव वेगळा. एका दिवसात होत नाही, आधीच सांगते.

पेडलवीर

येतो. 'रिव्हरफ्रंट' शब्द पोस्टमधून काढला आहे. काकांच्या कायद्यामुळे, तुमच्या टोमण्यांमुळे नाही. 'बघण्यासारखं फारसं काही नाही' मात्र ठेवणार आहे. रास्त्यांचा मोतीबाग वाडा, त्यातली भित्तिचित्रं, एवढं गाजलेलं, पण गावात चार जणांना रस्ता विचारला तर चौघांनी चार दिशा दाखवल्या. बाहेरच्या माणसाने बघायचं कसं? त्या विश्वकोशात शोधून?

कृष्णाकाठची

कुणाला विचारलंत? बसस्टँडवर उभे असतात ते अर्धेअधिक महाबळेश्वरला निघालेले असतात. तरी दिशादर्शक पाट्या नाहीत हे मान्य. नाइलाजाने मान्य.

वसईवाला

पाट्यांचा विषय निघालाच आहे तर घंटेचीही एक धरा.

बारभाई

धरा. पण 'चिमाजी अप्पांच्या विजयाची खूण' ही ओळ वर आली पाहिजे.

वसईवाला

वर कशाला? घंटेवर आधीच १७०७ कोरलंय. सालावारीने लिहा, तुमची ओळ आपोआप खाली येईल.

बारभाई

मजकूर मी लिहितो. तुम्ही शुद्धलेखन तपासा.

वसईवाला

उलट करू या.