आंग्रेकालीन आरमाराचा अभ्यास : कपाटात पहिले पुस्तक कोणते?

कुलाबाकाठ :

शिडांच्या जहाजांच्या काळातील आरमारी इतिहासाचा, त्यातही आंग्र्यांच्या आरमाराचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याच्या हाती आपल्याकडे ठरलेली तीन नावे दिली जातात : दा. गो. ढबू यांचे १९३९ चे ‘कुलाबकर आंग्रे सरखेल’, मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेवरील सुरेंद्रनाथ सेन यांच्या १९२८ च्या ग्रंथातला आरमाराचा भाग, आणि मराठा आरमार व व्यापारी जहाजे यांवरचे भा. कृ. आपटे यांचे १९७३ चे इंग्रजी पुस्तक. ही पुस्तके वाचूच नयेत, असे मी म्हणत नाही. ती सर्वांत आधी वाचू नयेत, एवढेच माझे म्हणणे आहे, आणि त्यावर मतभेद होणार याची कल्पना असूनच हा धागा काढत आहे.

माझ्या मते आधी शिडाचे जहाज कळले पाहिजे. विल्यम फाल्कनरचा १७६९ चा सागरी कोश, ब्रायन लॅव्हरी यांचे इंग्लिश युद्धनौकांच्या तोफा आणि साजसामानावरचे १९८७ चे पुस्तक, आणि १६४९ ते १८१५ या काळातील ब्रिटिश आरमाराचा एन. ए. एम. रॉजर यांनी २००४ साली लिहिलेला इतिहास, ही माझी पहिली तीन पुस्तके. रॉजर यांचा ग्रंथ केवळ लढायांचा नाही. खलाशांचे धान्य, गोदीतले लाकूड, पगाराची थकबाकी, कर्जाची उभारणी यांवर आरमार कसे उभे राहते ते त्यात दिसते, आणि कागदांना कोणते प्रश्न विचारायचे हे त्यातून शिकता येते.

हे का आवश्यक आहे, ते एका उदाहरणाने सांगतो. मार्च १७५५ मध्ये कमोडोर विल्यम जेम्स ‘प्रोटेक्टर’ हे ४४ तोफांचे जहाज घेऊन सुवर्णदुर्गाकडे निघाला. पेशव्यांचे आरमार त्याच्या सोबतीला होते. तेथील तुळाजी आंग्र्याची जहाजे नांगर तोडून दक्षिणेकडे पळाली. अठराव्या शतकातला इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म लिहितो की, पळणाऱ्यांनी जड सामान समुद्रात फेकले, असतील नसतील ती शिडे चढवली, इतकेच नव्हे तर वाऱ्याची झुळूक अडवण्यासाठी अंगावरची वस्त्रे आणि पागोटीही टांगली. पुढे तो असेही लिहितो की, तोवर इंग्रजांपेक्षा चांगली चालणारी पेशव्यांची जहाजे आंग्र्यांच्या भीतीने मागे राहिली. हे ‘भीतीने’ आपल्या कितीतरी लेखनात जसेच्या तसे उतरले आहे. मंद वाऱ्यात उंच डोलकाठ्यांच्या जहाजाला वरच्या थरातला वारा मिळतो आणि बुटक्या जहाजाला तो मिळत नाही, एवढी गोष्ट ठाऊक असलेला वाचक त्या शब्दापाशी निदान थांबला असता. केवळ मराठी साधने वाचून आलेला वाचक एकतर ऑर्मवर रागावतो, नाहीतर त्याचे म्हणणे निमूट मान्य करतो.

मोडीवाचक :

आपण दिलेले उदाहरण रंजक आहे, परंतु ते आपल्याच विरोधात जाते. त्याच ऑर्मने गलबतांचे वर्णन करताना त्यांना चाळीस-पन्नास वल्ही असत आणि वल्ह्यांवर ती ताशी चार मैल जात, असे लिहिले आहे. त्याच्याच आकड्यांप्रमाणे पेशव्यांच्या ताफ्यात सात गुराबा (मोठी लढाऊ जहाजे) आणि साठ गलबते (लहान, वल्ह्यांवरही चालणारी जहाजे) होती. साठ गलबतांना वल्ही असताना मंद वारा हे कारण पुरेसे ठरत नाही. ती मागे का राहिली, याचे उत्तर फाल्कनरच्या कोशात शोधून मिळणार नाही. पुढे जाण्याचा हुकूम होता की नव्हता, पेशव्यांचा कोकणातला सुभेदार रामाजी महादेव याला पुण्याहून काय कळवले होते, ताफ्यातल्या लोकांचा तनखा पोचला होता की नाही, हे खरे प्रश्न आहेत, आणि ते पेशवे दप्तराचे प्रश्न आहेत.

माझा मूळ आक्षेप मात्र याहून मोठा आहे. फाल्कनर आणि लॅव्हरी यांच्या पुस्तकांत जे जहाज आहे ते तीन डोलकाठ्यांचे, खोल बुडाचे, दोन्ही बाजूंना तोफांच्या रांगा असलेले युरोपीय जहाज आहे. त्या मापाने गुराब मोजायला घेतली की अभ्यास सुरू होण्यापूर्वीच ती कमी प्रतीची ठरते. गुराबेच्या मुख्य तोफा नाळेच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाच्या, बाजूने समोर रोखलेल्या असत, तिचे बूड उथळ असे आणि ती खाडीत शिरू शकत असे. तिचा उपयोग रांगेत उभे राहून तोफा डागण्यासाठी नव्हताच. हे ध्यानात यायला इंग्रजी कोशाऐवजी रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातले आरमाराचे प्रकरण आधी वाचावे. ‘ज्याचे जवळ आरमार त्याचा समुद्र’ एवढेच वाक्य सगळे उद्धृत करतात आणि पुढचा मजकूर सोडून देतात. त्या पुढच्या मजकुरात गुराबा फार थोर नकोत आणि अगदी लहानही नकोत, मध्यम सजाव्यात असे सांगितले आहे, पाच गुराबा आणि पंधरा गलबते मिळून एक सुभा, म्हणजे आरमाराची एक तुकडी, ठरवला आहे, आणि आरमाराचा तनखा बंदरांच्या उत्पन्नावर न लावता मुलखातून नेमून द्यावा, एरवी सावकारांना उपद्रव होऊन बंदरे बुडतात, अशी स्पष्ट ताकीद आहे. पावसाळ्यातली छावणी दरवर्षी एकाच बंदरात करू नये हेही त्यात आहे. रॉजर यांनी २००४ साली जे प्रश्न विचारले म्हणून आपण त्यांचे कौतुक करता, ते अमात्यांनी तीनशे वर्षांपूर्वी विचारले होते.

कुलाबाकाठ :

आज्ञापत्राच्या थोरवीबद्दल वाद नाही. पण ते आरमार कसे असावे ते सांगते, कसे होते ते सांगत नाही. पाच आणि पंधरा हे प्रमाण प्रत्यक्षात कोणत्या वर्षी, कोणत्या बंदरात होते? आणि गुराबेविषयी आपण आताच जे लिहिलेत, उथळ बूड, समोर रोखलेल्या तोफा, ते कोठून आले? तीन डोलकाठ्यांची गुराब सुमारे ३०० टनांची, दोन डोलकाठ्यांची १५० टनांच्या आतली, नाळेकडे नऊ किंवा बारा पौंडी दोन तोफा, गलबत सहसा ७० टनांच्या पुढे नाही आणि त्याच्या मुख्य डोलकाठीला एकच प्रचंड त्रिकोणी शीड, हे सारे ऑर्मचेच वर्णन आहे. मराठी कागदांत हिशेब मिळतो, नेमणूक मिळते, हुकूम आणि तक्रार मिळते. वाऱ्याची दिशा, पाण्याची खोली, दिवसभराची चाल यांची दररोजची नोंद इंग्रजी जहाजांच्या लॉगबुकात असते. वल्ह्यांचा मुद्दा आपण चांगला काढलात, परंतु ताशी चार मैलांचा वेग माणसे संध्याकाळपर्यंत टिकवू शकत नाहीत, आणि तो पाठलाग संध्याकाळपर्यंत चालला होता.

मांडवीकर :

दोघांचेही लक्ष मुंबई आणि पुण्यावर खिळलेले दिसते. आंग्र्यांचा तिसरा शेजारी गोव्यात बसलेला होता आणि त्याला कागद जपण्याची सवय होती. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी संपादित केलेले, गोव्याच्या राज्य-मंडळाच्या ठरावांचे पाच खंड १९५३ ते १९५७ या काळात प्रसिद्ध झाले, आणि त्यांचे ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हे १९६७ चे पुस्तक तर मराठीतच आहे. शिवाय लिस्बन आणि गोवा यांच्यातील पत्रव्यवहाराच्या मोसमी बाडांची मोठी रांग पणजीच्या पुराभिलेखागारात आहे. हे वगळून पहिले पुस्तक इंग्रजी की मराठी, असा वाद घालणे मला अपुरे वाटते.

डिसेंबर १७२१ मध्ये आंग्र्यांच्या अलिबागजवळच्या कुलाबा किल्ल्यावर झालेला इंग्रज-पोर्तुगीज संयुक्त हल्ला घ्या. क्लेमंट डाउनिंग त्या मोहिमेत स्वतः होता आणि त्याचे पुस्तक १७३७ साली निघाले. हल्ला फसल्यावर इंग्रज कमोडोर मॅथ्यूजने उत्तर प्रांताच्या पोर्तुगीज सेनापतीच्या तोंडात छडी खुपसली, हा प्रसंग त्यात आहे, आणि तो चविष्ट असल्यामुळे पुढच्या लेखकांनी आनंदाने उचलला. पराभवाचे खापर पोर्तुगिजांवर फोडण्याची निकड असलेल्या माणसाची ही साक्ष आहे. विल्यम फॉस्टरने १९२४ मध्ये काढलेली टिपांसहची आवृत्ती वापरावी, मूळ पुस्तक एकटे कधीही वापरू नये, आणि तीही पोर्तुगीज कागद शेजारी ठेवूनच.

याच मोहिमेत तारखांचा घोळ कसा होतो तेही पाहावे. १७५२ पर्यंत इंग्रज जुनी कालगणना वापरत होते आणि पोर्तुगीज १५८२ पासून नवी. १७२१ साली दोहोंत अकरा दिवसांचे अंतर होते, त्यामुळे इंग्रजी डिसेंबरच्या अखेरची घटना पोर्तुगीज कागदांत जानेवारी १७२२ मध्ये पडते. एकाच लढाईच्या दोन लढाया करून ठेवायला एवढे पुरते.

जुने तारू :

मांडवीकर, तारखांचा मुद्दा आपण अर्ध्यावर सोडलात. कालगणना एक झाल्यावरही समुद्रावरचा दिवस निराळाच राहिला. ब्रिटिश आरमाराच्या लॉगबुकात १८०५ पर्यंत दिवस दुपारी बारापासून दुपारी बारापर्यंत धरला जाई आणि तो जमिनीवरच्या दिवसाच्या बारा तास पुढे असे. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसनने विजयदुर्गावर हल्ला केला तो किनाऱ्यावरच्या मोजणीने १२ तारखेच्या दुपारी. जहाजावरच्या नोंदीत मात्र १३ तारीख सुरू झालेली असते. त्यात आपल्याकडची तिथी आणि मराठी कागदांतला सुहूर सन (अरबी वर्षगणना) यांची भर घालावी. म्हणून माझ्या कपाटातले पहिले पुस्तक ना इंग्रजी आरमाराचे, ना मराठी, ते आहे स्वामीकन्नू पिल्लै यांची ‘इंडियन एफिमेरिस’, म्हणजे तिथी आणि इंग्रजी तारखा जुळवून देणारे पंचांग. कंटाळवाणे आहे हे मान्य, परंतु तिच्या आधाराशिवाय वरच्या तिन्ही कपाटांतले कागद एकमेकांना भेटतच नाहीत.

आणखी एक. चार्ल्स रॅथबोन लो याच्या १८७७ च्या दोन खंडांचा उल्लेख अजून कोणी केला नाही, याचे आश्चर्य वाटते. लो हा त्याच भारतीय आरमारातला अधिकारी होता, जे १८६३ मध्ये मोडीत काढण्यात आले. त्यामुळे त्याचे पुस्तक हे आपल्या बंद पडलेल्या पलटणीचे गौरवगान आहे. तरीही मुंबई मरीनच्या, म्हणजे कंपनीच्या मुंबईतील आरमाराच्या, जहाजांची आणि अधिकाऱ्यांची नावे एका जागी दुसरीकडे सहज मिळत नाहीत. रिफ विनफिल्ड यांच्या खंडांत प्रत्येक जहाजाची मापे, तोफा आणि कप्तान मिळतात, पण ते राजाच्या आरमाराचे खंड आहेत. वॉटसनचे ‘केंट’ त्यात सापडेल, जेम्सच्या ‘प्रोटेक्टर’साठी लोकडेच वळावे लागते.

मोडीवाचक :

लो यांना मी वाटाड्या म्हणून मान्य करतो, साक्षीदार म्हणून नाही. बिडल्फ यांचे मलबारच्या चाच्यांवरचे १९०७ चे पुस्तक मात्र नवशिक्याच्या हाती देऊच नये. त्यांनी कंपनीचे कागद मेहनतीने चाळले आहेत, यात शंका नाही, परंतु युरोपीय चाचे किड आणि एव्हरी यांना ज्या पुस्तकात बसवले त्याच पुस्तकात सातारच्या छत्रपतींकडून सरखेली (आरमारप्रमुखाचे पद) मिळालेल्या कान्होजी आंग्र्यालाही बसवले, म्हणजे निकाल अनुक्रमणिकेतच लागला. असे पुस्तक आधी वाचलेला विद्यार्थी नंतर कितीही कागद पाहो, त्याचा निम्मा वेळ त्या आरोपाला उत्तर देण्यात जातो. आपल्याकडचे कितीतरी लेखन अशी उत्तरे देण्यातच संपले आहे, आणि ढबूंच्या ग्रंथाचे मोल मला त्यासाठीच अधिक वाटते, कारण तो घराण्याच्या कागदांपासून सुरुवात करतो.

कुलाबाकाठ :

बिडल्फबद्दल माझे आपल्याशी भांडण नाही, आणि पंचांगाचा आग्रहही मला पटतो. परंतु मूळ मुद्दा मी सोडलेला नाही. विजयदुर्गाचाच प्रसंग घ्या. ‘केंट’वरचा शल्यचिकित्सक एडवर्ड आइव्हज याने आपला वृत्तान्त १७७३ मध्ये छापला. तुळाजीने पूर्वी कंपनीकडून पकडलेल्या ‘रिस्टोरेशन’ या जहाजात एक बाँबगोळा पडला, ते पेटले आणि त्याची आग पसरून सारे आरमार जळाले, अशी हकीकत इंग्रजी साधनांत मिळते. येथे विचारायचा प्रश्न असा की, सारी जहाजे एकमेकांना इतकी लगटून का उभी होती. पाण्याची खोली, भरती-ओहोटी, नांगर टाकण्याची जागा, डांबर आणि दोरखंड किती झपाट्याने पेट घेतात, यांची जाण नसेल तर हा प्रश्न सुचतच नाही, आणि मग ‘तुळाजीचा हलगर्जीपणा’ एवढे लिहून परिच्छेद पूर्ण केला जातो.

मोडीवाचक :

प्रश्न उत्तम आहे. मात्र त्या आरमाराने खाडीतून बाहेर पडून लढू नये असे का ठरवले गेले, त्या दिवसांत तुळाजी स्वतः पेशव्यांच्या छावणीत तहाच्या बोलण्यांसाठी का गेला होता, आणि किल्ल्यातल्या लुटीची वाटणी इंग्रज अधिकाऱ्यांनी हल्ल्यापूर्वीच आपापसांत ठरवून पेशव्यांना त्यातून का वगळले, हे प्रश्न आइव्हजचे पुस्तक शंभर वेळा वाचूनही सुटणार नाहीत, तेथे दप्तरच उघडावे लागेल. आपण फाल्कनरपासून सुरुवात करावी, मी आज्ञापत्रापासून करतो. ‘प्रोटेक्टर’च्या त्या पाठलागात वारा कोणत्या दिशेचा होता याची एखादी नोंद आपल्या हाती आली तर ती येथे अवश्य मांडावी. रामाजी महादेवाच्या त्या महिन्यातील पत्रांकडे मी वळतो.