पुस्तकांची देवघेव संगणकाकडे गेली; संग्रह कोणाच्या हाती?

तालिकाकार:
ग्रंथालयांच्या संगणकीकरणाविषयी बोलताना आपण दोन निराळ्या बदलांची गल्लत करतो. पहिला बदल साधनांचा आहे. १९६० च्या दशकात हेन्रिएट ॲव्हरम यांच्या पुढाकाराने अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये ‘मार्क’ हा संगणकाला वाचता येणारा नोंदींचा आराखडा तयार झाला, १९७१ पासून ओसीएलसी या ग्रंथालयांच्या सहकारी संस्थेमुळे एका ग्रंथालयाने केलेली नोंद दुसऱ्याला ऑनलाइन वापरता येऊ लागली, आणि एकच पुस्तक जागोजागी नव्याने तालिकेत, म्हणजे ग्रंथालयाच्या ग्रंथसूचीत, चढवण्याचे कष्ट वाचले. त्याविषयी माझी काहीही तक्रार नाही. दुसरा बदल मालकीचा आहे. छापील पुस्तक दाखल नोंदवहीत चढले की ते ग्रंथालयाचे होते. ई-पुस्तक मात्र बहुधा परवान्यावर मिळते आणि त्याच्या अटी प्रकाशक ठरवतो. २०११ मध्ये हार्परकॉलिन्स या प्रकाशन संस्थेने, २६ वेळा वाचकांना दिल्यावर ई-पुस्तकाचा परवाना संपेल, अशी अट ग्रंथालयांना घातली होती. ग्रंथपालाला ‘माहिती व्यवस्थापक’ म्हणवण्याची हौस वाढत असतानाच संग्रह निवडण्याचा, राखण्याचा आणि बाद करण्याचा त्याचा अधिकार घटत चालला आहे, असे माझे मत आहे.

दूरवाचक:
पहिला मुद्दा मान्य. दुसरा मुळीच नाही. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी पहिले ‘ग्रंथ उपयोगासाठी आहेत’ असे सांगते आणि चौथे ‘वाचकाचा वेळ वाचवा’ असे सांगते. मालकीचा उल्लेख त्यांपैकी एकातही नाही. पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रणालीमुळे दृष्टिहीन वाचकाला जे ई-पुस्तक प्रकाशनाच्या दिवशीच ऐकता येते, ते केवळ परवान्यावर आहे म्हणून गौण ठरवायचे का? शिवाय छापील प्रतही झिजते, तिची बांधणी सुटते आणि ती कधीतरी बाद करावीच लागते.

तालिकाकार:
प्रत केव्हा बाद करायची हे ग्रंथपाल ती हातात घेऊन ठरवतो. परवान्याची मुदत प्रत न पाहताच संपते. आणि रंगनाथनांचाच आधार घ्यायचा, तर पाचवे सूत्र का वगळलेत? ‘ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे’, असे ते म्हणते. छापील नियतकालिकाची वर्गणी थांबवली तरी जुने बांधीव खंड कपाटात राहतात. नियतकालिकांच्या ऑनलाइन संचाची वर्गणी थांबल्यावर, करारात कायम प्रवेशाचे कलम नसेल, तर आदल्या वर्षांचे अंकही हातचे जाऊ शकतात. अशा संग्रहाला वर्धिष्णू कसे म्हणायचे, हे मला खरोखर कळत नाही.

यंत्रकक्ष:
तंत्रज्ञान जणू कायम बाहेरूनच येते, असे धरून आपण दोघेही बोलत आहात. ‘कोहा’ ही मुक्तस्रोत ग्रंथालय प्रणाली न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ येथील ग्रंथालयांसाठी तयार झाली आणि २००० मध्ये वापरात आली. आज कोणतेही ग्रंथालय ती स्वतःच्या सर्व्हरवर चालवू शकते. नियतकालिकांच्या डिजिटल प्रती अनेक ग्रंथालयांनी आपापल्याकडे राखाव्यात, यासाठी स्टॅनफर्डमध्ये ‘लॉक्स’ ही प्रणाली विकसित झाली. तेव्हा तालिकाकारांच्या प्रश्नाला उत्तर आहे, मात्र त्यासाठी ग्रंथपालाला सर्व्हर, मेटाडेटा (ग्रंथाविषयीची वर्णनात्मक माहिती) आणि बॅकअप यांची भाषा यायला हवी.

मालकीवर तालिकाकारांचा इतका भर आहे म्हणून ऑक्टोबर २०२३ मधील ब्रिटिश लायब्ररीवरील सायबर हल्ल्याची आठवण करून देतो. छापील ग्रंथ त्यांचेच होते आणि इमारतीत शाबूतही होते; पण मुख्य तालिका जानेवारी २०२४ पर्यंत ऑनलाइन उपलब्ध नव्हती आणि ग्रंथ मागवण्याची नेहमीची व्यवस्था कोलमडली होती. कोणता ग्रंथ कुठे आहे हेच सांगता येत नसेल, तर त्या मालकीचा वाचकाला उपयोग काय?

दूरवाचक:
यात एक भर घालतो. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी संवादसाधने कधी कधी अस्तित्वातच नसलेल्या लेखांचे संदर्भ खऱ्यासारखे रचून देतात. तो लेख खरोखर आहे का, आणि असल्यास त्यात ते विधान सापडते का, हे पडताळायला वाचकाला शिकवणे हे मी आजच्या संदर्भ सेवेचे मुख्य काम मानतो. मालकीच्या वादात ते मागे पडते.

तालिकाकार:
मागे का पडावे? पडताळणीसाठी मूळ लेख उघडता आला पाहिजे, आणि तो उघडेल की नाही हे पुन्हा परवानाच ठरवतो. यंत्रकक्षांचे म्हणणे मात्र मला बरेचसे पटते, फक्त त्यांच्या यादीत एक विषय राहिला. ‘लॉक्स’मध्ये प्रत ठेवायलाही प्रकाशकाची परवानगी लागते. ती करारात मागून घ्यायची असेल, तर सर्व्हरच्या आधी करार वाचता आला पाहिजे, आणि वर्गीकरण व तालिकीकरण ज्या गांभीर्याने शिकवले जाते त्याच गांभीर्याने तेही शिकवले जावे.

यंत्रकक्ष:
अवश्य शिकवावे, पण एकट्या ग्रंथालयाने कलम कितीही बारकाईने वाचले, तरी ते बदलून घेण्याइतके बळ त्याच्यापाशी क्वचितच असते. अनेक ग्रंथालयांनी संघ करून एकत्र बोलणी केली, तरच प्रकाशकाला ऐकावे लागते. अशा संघात संचाच्या सवलतीपेक्षा कायम प्रवेशाचा आग्रह आधी धरायला आपण तयार आहात का?