मदत हवी आहे: हाताने लिहिलेल्या मेकफाइलमधले फ्लॅग एडिटरपर्यंत कसे पोचवायचे?

नमस्कार मंडळी,

सी++चा जुना प्रोजेक्ट आहे, आर्म बोर्डासाठी क्रॉस-कंपाइल होतो, म्हणजे बिल्ड पीसीवर आणि चालतो बोर्डावर. टर्मिनलवर मेक (मेकफाइल वाचून बिल्ड करणारं टूल) दिलं की बिल्ड व्यवस्थित होतं. तीच फाइल व्हीएस कोडमध्ये क्लँगडी (एडिटरला सी++ कोड समजावून देणारा सर्व्हर) लावून उघडली की पहिल्याच इन्क्लुडखाली लाल रेघ, आणि तिथून पुढे निम्मे टाइप अनोळखी. टीममध्ये नवीन आलेली मुलं अजून ग्रेपने शब्द शोधत कोड वाचतात, याचं मला फार वाईट वाटतं.

कुठली फाइल कुठल्या फ्लॅगने (कंपायलरला दिलेल्या ऑप्शनने) कंपाइल होते हे फक्त मेकला ठाऊक. क्लँगडीला ते कंपाइल_कमांड्स.जेसन या फाइलीत लिहून हवं असतं. बेअर लावून पाहिलं, तो बिल्ड चालू असताना कंपायलरच्या कमांड टिपून घेतो. पण त्या वेळी ज्या फाइली खरोखर कंपाइल होतात, तेवढ्याच त्याला दिसतात. म्हणून आधी मेक क्लीन, मग अख्खं बिल्ड. एखादा फ्लॅग बदलला की पुन्हा तेच.

ही यादी मेककडूनच थेट कशी काढून घ्यायची? कंपायलर जीसीसीच राहणार. शिवाय व्हेक्टरसारखी स्टँडर्ड हेडरंही सापडत नाहीत, आणि प्रोटोबफ (डेटाच्या व्याख्येवरून कोड बनवणारं टूल) बनवतं ती हेडरं तर बिल्ड होईपर्यंत डिस्कवर नसतातच. सीमेकवर (दुसऱ्या बिल्ड सिस्टिमवर) जा असं कृपया सुचवू नका, तो निर्णय माझ्या हातात नाही.

प्रतिसाद १

स्टँडर्ड हेडरांचं आधी उरका. क्लँगडीच्या क्वेरी-ड्रायव्हर ऑप्शनला क्रॉस-कंपायलरचा पूर्ण पाथ द्या, म्हणजे तो इन्क्लुडचे पाथ त्या कंपायलरलाच विचारतो. परवानगीशिवाय तो अनोळखी बायनरी चालवत नाही, आणि ते योग्यच आहे.

यादीसाठी क्लँग कंपायलरमध्ये एमजे फ्लॅग आहे, तो प्रत्येक फाइलीची नोंद लिहून देतो; जीसीसीत तो नाही. पण मेकफाइलमधल्या ऑब्जेक्ट फाइलीच्या पॅटर्न रूलशेजारी (एकाच नमुन्याच्या सगळ्या फाइलींना लागणारा नियम) आणखी एक रूल लिहा: डिरेक्टरी, फाइल आणि कमांड एवढंच एका छोट्या तुकड्यात लिहायचं, कंपाइल काहीच करायचं नाही. शेवटी सगळे तुकडे जोडायचे. सगळं थेट एकाच फाइलीत लिहू नका, पॅरलल मेकमध्ये (एकाच वेळी अनेक कामं चालताना) नोंदी एकमेकींत घुसतात. प्रोटोबफची हेडरं बनवणारं टार्गेट वेगळं काढून याच्या आधी चालवा.

धागाकर्ता

मनापासून आभार! क्वेरी-ड्रायव्हर दिल्याबरोबर व्हेक्टर सापडलं. तुकड्यांचा रूल आता लिहायला घेतो. एक राहिलं: एकच फाइल दोन बोर्डांसाठी वेगवेगळ्या मॅक्रोंनी कंपाइल होते, तिथे काय करायचं?

प्रतिसाद २

प्रत्येक बोर्डाची यादी वेगळ्या फोल्डरात ठेवा आणि क्लँगडीला कंपाइल-कमांड्स-डिर ऑप्शनने हवा तो फोल्डर दाखवा. बोर्ड बदलला की क्लँगडी रीस्टार्ट करावा लागेल.