घरगुती पाळणाघराचे उत्पन्न आणि आयकर

प्रश्न : मी ठाण्यात राहत्या घरी पाळणाघर चालवते. वर्षाला साधारण साडेचार लाख रुपये शुल्क जमा होते. बहुतेक पालक यूपीआयने देतात, काही जण रोख देतात. खाऊ, मदतनीस बाईंचा पगार आणि वीजबिल यांची प्रत्येक पावती आयकरासाठी जपावी लागेल का?

उत्तर १ : ताई, २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी आपण १९६१ च्या आयकर कायद्याचे कलम ४४एडी निवडल्यास तशी गरज नाही. त्यात बँकेमार्फत आलेल्या रकमेवर किमान ६ टक्के आणि रोख रकमेवर किमान ८ टक्के नफा धरला जातो. मात्र त्यातून मदतनीसांचा पगार किंवा वीजबिल पुन्हा वजा करता येत नाही, कारण हे खर्च त्यात आधीच गृहीत धरलेले असतात. विवरणपत्र आयटीआर-४ भरावे.

उत्तर २ : वरील उत्तरात एक भर घालतो. प्रत्यक्ष नफा या टक्केवारीहून अधिक असेल, आणि पाळणाघरात तो बहुधा असतोच, तर तोच दाखवणे योग्य. शुल्काची नोंदवही मात्र अवश्य ठेवा, अन्यथा रोख किती आणि ऑनलाइन किती हे मार्चअखेर सांगता येणार नाही.

प्रश्नकर्ती : उत्पन्न करपात्र मर्यादेखाली असल्यास विवरणपत्र भरावे का?

उत्तर १ : सहसा बंधनकारक नाही, परंतु पुढे गृहकर्ज घ्यायचे असल्यास बँक विवरणपत्रे मागते, म्हणून भरावे.