ओंटारियोत ऑस्टिओपॅथिक मॅन्युअल प्रॅक्टिशनर व्हायचंय, कोर्स कसा पारखावा?

ब्रॅम्प्टनवाली
नमस्कार मंडळी. बीपीटीएच (फिजिओथेरपीची पदवी) महाराष्ट्रातून झालंय, आता इथे कॅनडात पीआर (कायम वास्तव्याचा परवाना) आहे. फिजिओचं लायसन्स काढायचं की ऑस्टिओपॅथिक मॅन्युअल प्रॅक्टिशनरचा (हाताने सांधे-स्नायूंवर उपचार करणारा, पुढे ओएमपी) कोर्स करायचा, यावर घोळ चाललाय. एका संस्थेचा वीकेंड कोर्स आहे, थिअरी सगळी ऑनलाइन. 'फिजिओंना भरपूर सूट' म्हणतात, पण तास विचारले की गोलमोल उत्तरं. नेमकं काय बघायचं? शिवाय पुण्यातली मावसबहीण स्टडी परमिटवर येऊन हेच शिकायचं म्हणतेय. तिला काय सांगू?

टोरांटोकर
आधी कायदा बघा, माहितीपत्रक नंतर. ओंटारियोत ओएमपींसाठी सरकारी नियामक कॉलेज (शिकवणारं नव्हे, व्यवसायाची नोंदणी आणि देखरेख करणारी संस्था) नाही, त्यामुळे लायसन्सही नाही. हातात येतो तो संस्थेचा डिप्लोमा आणि एखाद्या खासगी असोसिएशनचं सदस्यत्व. नुसतं 'ऑस्टिओपॅथ' असं पाटीवर लिहिणंही चालत नाही, ते नाव मेडिसिन अ‍ॅक्टने डॉक्टरांसाठी राखलंय. (अमेरिकेतले डीओ, म्हणजे डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन, हे पूर्ण डॉक्टर असतात. त्यांच्याशी हा डिप्लोमा जोडून दाखवणाऱ्यांपासून चार हात लांब राहा.)

दुसरं, १९९१ च्या रेग्युलेटेड हेल्थ प्रोफेशन्स अ‍ॅक्टने काही कृती ठरावीक नोंदणीकृत व्यवसायांनाच दिल्यात. मणक्याचा सांधा नेहमीच्या मर्यादेपलीकडे झटक्याने हलवणं, म्हणजे ज्यात 'कट्' आवाज येतो ते, त्यातच येतं. पेशंटला रोगनिदान सांगणंही. ओएमपी म्हणून दोन्ही करता येत नाही. वर्गात हा झटका (थ्रस्ट) शिकवला म्हणजे क्लिनिकमध्ये परवानगी मिळाली, असं होत नाही. नोंदणीकृत फिजिओ निदान सांगू शकतो, आणि आपल्या नियामक कॉलेजकडे वेगळी नोंद करून मणक्याचं मॅनिप्युलेशनही (तोच झटका). बीपीटीएच असताना हे सोडून आधी ओएमपीकडे जाणं मला तरी उलटं वाटतं.

हातगुण
टोरांटोकरांशी सहमत. तरी कोर्स करायचाच असेल तर माप सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या निकषांत, वैद्यकीय पार्श्वभूमी नसलेल्यांसाठी साधारण ४२०० तास धरलेत, त्यात किमान १००० तास देखरेखीखालचं क्लिनिक. आधीच शिकलेल्यांना तास कमी चालतात, पण शेवटी येणारं कौशल्य तेवढंच हवं. अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजीत सूट घ्या, बिघडत नाही. हाताच्या तासांत सूट देतात तो कोर्स नको. प्रत्यक्ष टेबलाशी किती तास, एका शिक्षकामागे किती विद्यार्थी, खरे पेशंट कितव्या सत्रापासून, हे लेखी मागा.

हात तयार होणं म्हणजे काय, ते सांगतो. कागदाखाली एक केस ठेवायचा, डोळे मिटून बोटाच्या पेराने शोधायचा. सापडला की वर आणखी एक कागद, मग आणखी एक. दाब वाढवला की केस हरवतो, हाच धडा. ऑनलाइन व्हिडिओतून हे येत नाही.

मसल एनर्जी तंत्राचंही तसंच. सांधा अडतो तिथपर्यंत न्यायचा, पेशंटला हलकेच उलट दिशेला ढकलायला सांगायचं, ३ ते ५ सेकंद धरायचं, पूर्ण सैल होऊ द्यायचं, मग नव्या अडथळ्यापर्यंत जायचं. असं ३ ते ५ वेळा. नवशिके 'जोरात ढकला' म्हणतात. मग मोठे स्नायू कामाला लागतात, कंबर अख्खी फिरते आणि अडलेला सांधा आहे तिथेच. दुसरी चूक म्हणजे सैल व्हायच्या आतच पुढे ताणणं. टेबल फार उंच असेल तर सगळा भार अंगठ्यांवर येतो, आणि या धंद्यात अंगठे गेले की सगळंच गेलं.

ब्रॅम्प्टनवाली
धन्यवाद! त्या संस्थेकडे क्रेनियलचे (कवटीवर हलके हात ठेवून तिथला सूक्ष्म 'ताल' जाणून करायच्या उपचाराचे) तास बरेच आहेत. ते कसं?

हातगुण
तिथे सावध. दोन तपासणाऱ्यांना एकाच डोक्यावर तोच 'ताल' सापडत नाही, हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. त्यापेक्षा धोक्याच्या खुणांना किती तास देतात ते विचारा. कंबरदुखीबरोबर जांघेत बधिरपणा आणि लघवी अडकली, तर टेबलावर घ्यायचंच नाही, थेट इमर्जन्सी.

पावतीपुस्तक
पैशाचं कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. ओएचआयपी (ओंटारियोचा सरकारी आरोग्य विमा) ओएमपीचे पैसे देत नाही. नोकरीतल्या विम्यातून मिळतात, पण प्रत्येक विमा कंपनीची मान्य असोसिएशनची यादी वेगळी. प्रवेशाआधी चार-पाच मोठ्या कंपन्यांना फोन करून विचारा, 'या असोसिएशनच्या सदस्याची पावती चालते का?' पुष्कळ जण आधी आरएमटी (नोंदणीकृत मसाज थेरपिस्ट) होतात ते यासाठीच, ती नोंदणी सरकारमान्य आहे. पण ऑस्टिओपॅथीच्या सेशनला मसाजची पावती फाडायची नाही. पेशंट गळ घालतात. विमा कंपनी तपासणीत नोंदी मागते, नोंद आणि पावती जुळली नाही तर आरएमटीची नोंदणी धोक्यात.

मावसबहिणीला सांगा, संस्था डीएलआय यादीत (परदेशी विद्यार्थी घ्यायला मान्यता असलेल्या संस्थांच्या) आहे का ते आधी बघ. यादीत असली तरी खासगी करिअर कॉलेजच्या डिप्लोमावर पोस्ट ग्रॅज्युएशन वर्क परमिट सहसा मिळत नाही. फी भरून झाल्यावर हे कळलं तर फार उशीर होतो. ब्रिटनचा विचार करत असेल तर तिथे चित्र वेगळं. १९९३ च्या कायद्याने 'ऑस्टिओपॅथ' हे नाव संरक्षित आहे, जनरल ऑस्टिओपॅथिक कौन्सिलची नोंदणी लागते. इथला डिप्लोमा घेऊन तिकडे थेट पाटी लावता येणार नाही.